पांढरे हातमोजे

नोरीनची ही सहावी शिष्यवृत्ती आणि शुक्रवारी तीही संपणार होती. पुढे नोकरी नव्हती. हाताशी होती ती मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावातली, एका मयतीला कुणाकुणाला हातमोजे धाडले त्याची १७४१ सालची यादी. तेव्हा तिथे मयतीचं बोलावणं म्हणून पांढरे हातमोजे धाडत. ते गावात सगळ्यांना जात, फक्त मेलेल्याला सोडून. पण मेलं कोण, हेच तिला चार महिन्यांत सापडलं नव्हतं.

सोमवारी ग्रंथालयाच्या वाचनखोलीत समोरचे एक म्हातारे वाचक पांढरे हातमोजे घालून वाचत बसले.

"वेंडेल, हातमोजे चालतात का रे इथे?" तिने ग्रंथपालाला विचारलं.

"छे गं. जुना कागद फाटतो त्याने. हात धुवायचे नि वाचायचं. कुणी घातलेत?"

"ते काय, तिथे."

वेंडेलने मान उंचावून पाहिलं. "त्यांचे हात उघडेच तर आहेत. नोरीन, जरा झोपत जा बाई."

मंगळवारी तिघांनी घातले. बुधवारी निम्म्या खोलीने. तिने विचारणं सोडून दिलं.

शुक्रवारी बंद व्हायच्या वेळी तिने यादीतून डोकं वर काढलं. सगळ्यांनी आपापली पुस्तकं मिटली होती आणि सगळे उभे होते, तिच्याकडे तोंड करून. वेंडेल तिच्यासमोरची जुन्या कागदांची पेटी परत न्यायला आला. त्याचेही हात पांढरे होते.

"झालं का गं?" त्याने विचारलं. सुतकाच्या घरात बोलतात तितक्या हळू.

नोरीनने आपले हात पाहिले. सबंध खोलीत उघडे हात तेवढेच होते.