पक्का कॅनेडियन

मांसाच्या कारखान्यात रोमेल लागला, त्याच दिवशी तिथे जुना असलेल्या नेस्टरदादाने त्याला पढवलं होतं, "इथे कुणी आपल्या पायावर पाय दिला, तरी 'सॉरी' आपणच म्हणायचं. ते जमलं की तू कॅनेडियन." त्यांच्या मनिलात असं केलं असतं, तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

आज मॅनेजर शर्लीबाईंनी रोमेलला केबिनमध्ये बोलावलं. "सॉरी रोमेल, तुला कामावरून कमी करावं लागतंय." बाईंचे डोळे भरून आले.

"सॉरी, माझ्यामुळे तुम्हाला उगाच त्रास," रोमेल बोलून गेला.

बाहेर आल्यावर त्याने हे सांगताच नेस्टरदादाने पाठीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! झालास की पक्का कॅनेडियन!"

"झालो खरा. पण इथे राहायचा परवाना याच नोकरीपुरता होता, दादा. आता चंबूगबाळं आवरायचं."

नेस्टरदादाचा हात पाठीवरच राहिला.

"सॉरी रे," तो म्हणाला.