वीस फुटी गोगलगाय

"डावीकडे बघा मंडळी, डावीकडे!" बाळासाहेब माईक घेऊन उभे राहिले आणि बसमधली अडतीस माणसं एका अंगाला कलली. मिसिसागाहून निघाल्याला आज चौथा दिवस. कॅनडातल्या मराठी मंडळाची सहल मॅनिटोबा ओलांडून सास्काचेवानमध्ये शिरली होती, आणि बाळासाहेबांच्या लेखात लिहिल्याप्रमाणे आता गोगलगाय दिसायची होती. सिमेंटची, वीस फुटी, जांभळ्या शिंगांची.

शुभदा सहाव्या रांगेत खिडकीशी बसली होती. तिने बाहेर पाहिलंच नाही. ती बाळासाहेबांच्या तोंडाकडे बघत होती.

लेख त्यांच्या नावावर होता, आणि मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादकही तेच. तीन वर्षांपूर्वी शुभदाने नवऱ्याबरोबरच्या शेवटच्या प्रवासावर लिहून पाठवलं, तेव्हा "यंदा पानं भरली हो" म्हणून त्यांनी ते परत केलं. पुढच्या दिवाळीला तेच त्यांच्या नावाने छापून आलं. वावा गावातल्या त्या कॅनडा गूजच्या, म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेला उडून जाणाऱ्या रानहंसाच्या, अवाढव्य पोलादी पुतळ्यापुढे, घडीच्या खुर्चीत बसून, केमोने थकलेला शैलेंद्र म्हणाला होता, "थंडी पडली तरी हा काही दक्षिणेला जात नाही. आपल्यातलाच दिसतोय." अंकात ते वाक्य जसंच्या तसं होतं. फक्त पुढे बाळासाहेबांनी आपल्या बायकोचं नाव घातलं होतं, 'असं मी म्हणालो आणि शीला खूप हसली.' मेलेल्या माणसाचा शेवटचा विनोदसुद्धा ह्या गृहस्थांनी सोडला नव्हता.

शुभदा भांडली नाही. तिने दुसरा लेख पाठवला, विनिपेगच्या पुढच्या रस्त्याचा. त्यातली सगळी ठिकाणं खरी होती, एक सोडून. तोही साभार परत आला आणि गेल्या दिवाळीत तोही छापून आला, संपादकांच्या हसऱ्या फोटोसकट. गोगलगायीवर तर त्यांनी पदरची दोन वाक्यं चढवली होती. तिच्या शंखाच्या सावलीत बसून ते शीलाने ओतलेला थर्मासमधला चहा प्यायले होते, आणि त्या गार सिमेंटचा स्पर्श अजून त्यांच्या तळहाताला जाणवत होता. मग फेब्रुवारीतल्या सभेत शुभदाच उठून म्हणाली, "यंदाची सहल बाळासाहेबांच्या लेखाबरहुकूम काढू या." टाळ्या पडल्या. बाळासाहेबांची सर्वात मोठी.

वाटेतली एकेक जागा खरी निघत गेली तसा त्यांचा आवाज चढत गेला होता. आता ड्रायव्हर डोनाने सांगितल्या जागी, जुन्या लाकडी धान्यकोठारासमोर, बस उभी केली आणि सगळे खाली उतरले.

समोर कॅनोलाचं पिवळं शेत. मागे रेल्वेचे रूळ. वारा. एवढंच.

"इथेच?" ऊर्मीने विचारलं. सहलीची सगळी बुकिंगं तिने केली होती. "गूगलवर मला सापडलीच नव्हती. म्हटलं, हिडन जेम असेल."

"इथेच तर होती," बाळासाहेब म्हणाले. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिल्या. "पाडलेली दिसते. इकडचा विंटर किती हार्श असतो! सिमेंट टिकतंय होय?"

ऊर्मीने डोनाला विचारलं. डोना बसच्या पायरीवर सफरचंद खात बसली होती. "थर्टी इयर्स ऑन धिस हायवे, हनी," ती म्हणाली. "नेव्हर सॉ एनी स्नेल."

कुणीतरी खोकलं. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू शीलाताईंकडे वळल्या. लेखात चहा ओतणारी शीलाच होती.

"शीलाताई, तुम्ही होतात ना बरोबर?"

शीलाताईंनी वाऱ्याने उडणारा पदर खांद्याशी घट्ट धरला. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मी सडबरीच्या पुढे, अगदी वावालासुद्धा, आयुष्यात पहिल्यांदा येतेय," त्या म्हणाल्या. "मी कुठेकुठे हसले ते मला अंकातच कळतं."

शुभदाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. तीन वर्षं गिळलेला घास आत्ता कुठे खाली उतरला. सगळ्यांदेखत सगळं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं, पण मग ते एका मिनिटात संपलं असतं. तिने पर्समधून फोन काढला आणि ती पुढे झाली.

"असू दे हो, बाळासाहेब. पाडली तर पाडली. जागा तर तीच आहे ना? उभे राहा, एक फोटो काढते."

"कशाला उगाच, शुभदाताई..."

"असं कसं? इतक्या लांब आलोय तुमच्या शब्दाखातर." तिने त्यांना दंडाला धरून शेताच्या कडेला नेलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "शैलेंद्रने पण पाहिली नव्हती. मीच मनाने रचून लिहिली होती."

बाळासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. उन्हात त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. मागे सगळी मंडळी उभी होती, आणि ह्या माणसांसमोर त्यांना अजून सहा दिवस त्याच बसमध्ये काढायचे होते.

शुभदा चार पावलं मागे आली. तिने फोन आडवा धरला.

"हं, आता हाताने दाखवा सगळ्यांना," ती मोठ्याने म्हणाली, "किती उंच होती?"

मग बाळासाहेबांचा उजवा हात उचलला गेला. छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत, डोक्याच्या वर गेला आणि तिथेच थांबला.

"अजून वर," शुभदा म्हणाली. "शिंगं राहिली."