मोजून ठेवलेलं ताट

"आजही तसंच!" त्याने ताटावरचं झाकण उचललं आणि दाणकन बाजूला ठेवलं. मऊ भात एकशे वीस ग्रॅम, उकडलेलं अंडं एक, भाज्यांचं सूप वाटीभर. सकाळी कामावर जाताना त्यानेच मोजून ठेवलं होतं. कशाला हात म्हणून लागलेला नव्हता. आई खिडकीपाशी खुर्चीत बसून होती. तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. बोलली तर सुईसारखं बोलायची. हल्ली बोलतच नव्हती.

चार महिन्यांपूर्वी वडील गेले आणि तिचं अन्नावरचं मनच उडालं. सगळ्या तपासण्या झाल्या. घसा बरा, पोट बरं. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. "सोमवारपर्यंत वजन वाढलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल," ते म्हणाले होते. "या वयात ती सहसा परत निघत नाही." मुलाने जिवाचं रान केलं. डब्यांवर वेळा लिहिल्या, फोनवर गजर लावले, दोन वजनकाटे आणले, एक आईसाठी, एक अन्नासाठी. पोटच्या पोराला आईचं वजन ग्रॅमपर्यंत पाठ होतं. ती शेवटची कधी हसली, ते मात्र त्याला विचारू नये.

"आई, हा तुझा हट्ट नाही, कळतं मला," तो समोर बसत म्हणाला. तो मेंदूवर संशोधन करायचा; एरवी घुम्या, पण या विषयावर त्याची गाडी सुसाट सुटायची. "मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. माणसांची ओढ, जेवणाची ओढ, सगळी त्याच्या जिवावर. ते आटलं की पोटात भूक असूनही हात पुढे होत नाही. आम्ही उंदरांचं ते बंद केलंय. वाटी नाकासमोर असते, पण उंदीर जागचा हलत नाही."

"मरतात?"

कितीतरी दिवसांनी आईने काहीतरी विचारलं होतं. तो खुलला.

"सगळे नाही. पिंजऱ्यांच्या दोन रांगा आहेत. वरच्या रांगेतल्यांना हातात घ्यायचं, पाठीवरून जरा बोट फिरवायचं आणि ड्रॉपरने थेंब थेंब तोंडात सोडायचं. मग बघ, कसे मिटक्या मारत खातात! चव शाबूत असते गं. फक्त कुणीतरी भरवावं लागतं."

"कोण भरवतं?"

"मीच. दिवसातून चारदा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा."

"आणि खालची रांग?"

"त्यांना हात लावायचा नाही. मोजून वाटी ठेवायची आणि निघून यायचं. संध्याकाळी उरलेलं मोजून लिहायचं. त्याशिवाय फरक कसा कळणार?" त्याने वजनकाटा पुढे ओढला. "ते नाही राहिले."

बोलता बोलता त्याने सवयीने भाताची वाटी काट्यावर ठेवली आणि आकडा लिहायला वही उघडली. आईने त्या वहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मग मला खालच्या रांगेत का रे ठेवलंस?"