शेवटच्या प्रकरणासाठी एक घर

"मी इथे नाहीच असं समजा," बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात स्टूल ओढून बसल्या.

"एवढ्या मोठ्या बाई, आणि नाहीच कशा समजायच्या?" सूनबाई हसली. तिच्या सासऱ्यांनी तांदूळ धुवायला घेतले. पुढच्या खोलीत त्यांचं पुस्तकं बांधायचं काम चाले. बोटांना खळ लागलेली, म्हणून त्यांनी आधी हात चांगले घासून धुतले.

बाईंची हीच पद्धत होती. प्रश्नावली नाही, टेपरेकॉर्डर नाही. सकाळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन बसायचं आणि दिवस मावळेपर्यंत नुसतं बघायचं. कोण उठतं, कोण बसून राहतं, शेवटी जेवणाऱ्याच्या ताटात काय उरतं. "सुरुवातीला प्रत्येक घर शहाण्यासारखं वागतं," त्या विद्यार्थ्यांना सांगायच्या. "मग भूक लागते, आणि खरं घर बाहेर येतं."

विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचा विभाग त्यांनी सुरू केला, तेव्हा त्यांच्या वाट्याला जिन्याखालची खोली आली होती. इतिहासाचे प्राध्यापक येता-जाता डोकावायचे. "काय म्हणतोय तुमचा भांडी विभाग?"

"घासतोय," बाई शांतपणे म्हणायच्या.

पुढे त्याच कामावर पुस्तकं निघाली, दुरून माणसं शिकायला येऊ लागली, आणि त्या प्राध्यापकांच्या लेकीने हट्टाने याच विभागात नाव घातलं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच, तर म्हणायच्या, "इतकी स्वयंपाकघरं पाहिल्यावर कोण धजेल?"

आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि शेवटचं पुस्तक एका प्रकरणापाशी अडलं होतं. जिथे काम खरोखर वाटून होतं, असं एक तरी घर त्यांना हवं होतं. नाहीतर 'असं घर आढळलं नाही' या वाक्यावर पुस्तक संपवावं लागलं असतं. ते त्यांच्या जिवावर आलं होतं. पण नसलेलं घर लिहायचं, हे त्याहून जिवावर आलं असतं.

विभागात त्यांची जागा घेणार होती ती धाकटी. तिची स्वतःची मुलं कॉलेजात होती, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. हे घर तिनेच सुचवलं. "माझ्या मैत्रिणीचं सासर आहे. नवरा कामासाठी बाहेरगावी असतो, घरात ती आणि सासरे. एकदा बघाच."

सूनबाईच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू होता.

"बाई, तिखट चालतं ना तुम्हाला?"

"सगळं चालतं."

"आणि उठता कधी? पहाटे?"

"पहाटे."

"बाबाही पहाटेच. राग येतो का हो तुम्हाला कधी?"

बाई मनात हसल्या. ज्याच्यावर नजर असते, तो प्रश्न विचारून ती नजर परतवतो. वर्गात हे त्यांनी कितीदा शिकवलं होतं.

दुपार झाली, भूक लागली, तरी घर बदललं नाही. सूनबाईने भाजी केली, सासऱ्यांनी भात लावला, ताटं घेतली आणि तिघंही एकदमच जेवायला बसली.

"पहिल्यापासून असाच नव्हतो मी," सासरे आपणहून म्हणाले. "बायको होती तोवर पाण्याचा पेलाही कधी हाताने घेतला नाही. ती गेल्यावर कळलं, घरात मीठ कुठे असतं तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मग ही आली. म्हणाली, बाबा, मी नोकरी सोडणार नाही. म्हटलं, नको सोडूस. मला भात लावायला शिकव."

"अजून खाली लागतो," सूनबाई म्हणाली.

"लागलेला मीच खातो ना पण!"

बाईंना खुदकन हसू आलं. देखाव्यासाठी वागणारा माणूस स्वतःची चूक अशी पानात वाढत नाही. जेवण झालं तशा त्या नकळत उठल्या, आपलं ताट घासलं, मग बाकीच्यांचीही ओढून घेतली. बघणाऱ्याने कामाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. तो आज पहिल्यांदा मोडला.

"बाई, तुम्ही तर इथे नाही आहात ना?" सासऱ्यांनी शेजारी उभं राहून विचारलं, आणि विसळलेलं ताट पुसायला घेतलं.

संध्याकाळी धाकटी न्यायला आली, तेव्हा बाईंचा चेहरा देवदर्शन झाल्यासारखा उजळला होता.

"मिळालं गं! शेवटचं प्रकरण मिळालं."

धाकटीने मान हलवली. "नाही, बाई. हे घर पुस्तकात घेता येणार नाही."

"का? काय खोट आहे त्यात?"

"खोट काही नाही. पण नात्यातलं घर घ्यायचं नाही, असं तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"माझं कसलं आलंय नातं? सकाळपर्यंत मी यांना ओळखतही नव्हते!"

धाकटीने सूनबाईकडे पाहिलं, सूनबाईने सासऱ्यांकडे. ते पुसून ठेवलेलीच ताटं पुन्हा पुसत होते. कान मात्र लाल झाले होते.

सूनबाई पुढे आली. तिने बाईंचे हात हातात घेतले.

"आम्हीही दिवसभर बघतच होतो, बाई," ती म्हणाली. "आम्हाला मुलगी पसंत आहे."