पान्याला कुंकू

शेवंतानं ट्रकच्या केबिनमधून काढलेला काळा डबा उलटा धरला. इंजिनाला हुकूम देणारा हाच तो मेंदू; त्याच्या पिनांवर कुंकवाचा लगदा वाळून बसला होता.

"खंडेनवमीला अख्खी गाडी पूजली," ड्रायव्हर कोंडिबाकाका ओशाळले. "मग मेंदूलाच कसं वगळायचं? प्लग काढून आतसुद्धा ओलं कुंकू लावलं."

"तिथंच घात झाला. इंजिन ठणठणीत आहे."

"समोरच्या गॅरेजचे उस्ताद म्हणतात, इंजिनच उघडावं लागेल."

"म्हणू देत. मीही त्यांच्याकडंच शिकलेय."

तिनं प्लग घासूनपुसून लख्ख केला, नवा डबा बसवला, लॅपटॉप जोडून डब्याला गाडीची ओळख करून दिली आणि चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन असं गरजलं, की समोरून उस्ताद उठून बाहेर आले.

काका हरखून कुंकवाची पुडी घेऊन धावले. ओलं बोट नव्या डब्याकडं वळताच शेवंतानं मध्ये पाना धरला.

"लावायचं तर याला लावा, काका."

काकांनी पान्याला कुंकू लावून हात जोडले. उस्ताद बघत राहिले. त्यांच्या गॅरेजात दर खंडेनवमीला सगळ्यांची हत्यारं पूजेला मांडली जायची; पोरीचा म्हणून हा पाना तेवढा बाजूला राहायचा.