चार पुल-अप

"सात पुल-अप काढलेस तू?" कर्नल पेटिग्रूंनी कागदावर बोट ठेवून विचारलं.

"नाही सर," जोलीन वावरा म्हणाली. "चार."

समोर तिघं बसली होती. निवृत्त कर्नल मधे, आणि त्यांनी मान हलवली की मान हलवायला दोन्ही बाजूंना एकेक जण. खासदाराची शिफारस नसली तर लष्करी अकादमी अर्जाकडे ढुंकूनही बघत नाही, आणि खासदार या तिघांना विचारल्याशिवाय शिफारस करत नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या त्या भागातून दहा नावं जायची होती. नऊ ठरली होती. जोलीनला दहावं व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं.

सकाळपासून अकरा मुलं येऊन गेली होती. मित्र कॉपी करताना दिसला तर काय कराल, असा प्रश्न. तक्रार करीन, असं सगळ्यांचं उत्तर. इथली पोरं हे उत्तर टाय बांधायच्या आधी शिकतात. तिघंही दर वेळी नव्याने भारावल्यासारखा चेहरा करत होती.

"मग सात कुणी लिहिले?"

"कोच श्रोडरनी. ते सगळ्यांचेच तीन वाढवतात."

हे सांगताना तिला जराही वाईट वाटलं नाही. ही पुल-अपची चाचणी शाळेच्या पी.टी. मास्तरानेच घ्यायची आणि सही ठोकायची, असा नियम. श्रोडर खांबाला टेकून मोजायचा, पोट सुटलेलं, टोपी मळकी. असल्या माणसाच्या उपकारावर तिला सैन्यात जायचं नव्हतं.

"कीड आहे कीड," कर्नल म्हणाले. त्यांनी सात खोडून चार लिहिले. मग उठून तिचा हात हातात घेतला. "सचोटी, पोरी. आम्ही इथे तेवढंच बघतो."

डावीकडच्या बँकवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "त्याच शाळेतली दोघं काल घेतलीत आपण. त्यांचेही आकडे मग..."

"त्यांनी कुठे काय सांगितलंय?" कर्नल म्हणाले. बाईंनी मान हलवली.

कर्नलांनी जोलीनची फाइल मिटली. "चारवर नाव पुढे पाठवता येत नाही, इतकंच. पण देशाला अशाच माणसांची गरज आहे."

बाहेर श्रोडर पिकअपमध्ये सँडविच खात बसला होता. जोलीनच्या आईला कत्तलखान्यातून सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून तिला ऐंशी मैल त्यानेच आणलं होतं. ती आत बसली, दार जोरात ओढून घेतलं.

"मी चार सांगितले. तुम्ही वाढवता हेही सांगितलं. तुमची नोकरी जाईल."

"नाही जाणार. माझी चौकशी केली तर कालच्या दोघांची नावं मागे घ्यावी लागतील त्यांना." त्याने तोंड पुसलं. "तुला घेतलं?"

तिने खटकन पट्टा लावला. रडू येत होतं आणि या माणसासमोर रडायचं नव्हतं.

"चीड येतेय ना माझी? येऊ दे," श्रोडर गाडी चालू करत म्हणाला. "मी याच पेटिग्रूला खरा आकडा सांगितला, तेव्हा मीही तुझ्यासारखा सतरा वर्षांचाच होतो. म्हणून पोरांचे तीन वाढवून लिहितो."