थांबा क्रमांक चार

“आणलीस का गं आजची वरात?” सासूबाईंनी ओसरीवरूनच विचारलं. हात काथ्याचा दोर वळतच राहिले.

सून वळली आणि बसमधून उतरलेल्या पंधरा पर्यटकांना त्यांच्या भाषेत हसून म्हणाली, “आजी म्हणतायत, या, तुमचं मनापासून स्वागत.”

पर्यटक खूश झाले. सकाळपासून दीपगृह पाहून झालं होतं, काचेच्या तळाच्या होडीतून मासे पाहून झाले होते, धबधब्यात भिजून झालं होतं. ‘एका दिवसात बेटदर्शन’ या सहलीतला हा चौथा थांबा: बेटावरचं जुनं घर, वीस मिनिटं. हे घर गाईडचं स्वतःचं आणि ओसरीवरची म्हातारी तिची सासू, हे काही माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

एका बाईंनी आत शिरून चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं.

“तिला म्हणावं, ठेव ते! तुझ्या माहेरचं आहे का?”

“आजी म्हणतायत, स्वयंपाकघर अगदी मोकळेपणानं बघा.”

सासूबाई बेटाच्या बोलीपलीकडे काही बोलत नसत आणि पर्यटकांना ती बोली कळत नव्हती. मधल्या मध्ये सुनेचं फावायचं. सहा वर्षं तिनं हा कारभार गोडीगुलाबीनं निभावला होता. नवरा गेल्यावर घरात या दोघीच उरल्या. सून कामावर गेली की सासूबाई भिंतींशी बोलायला लागल्या, तेव्हा सुनेनंच कंपनीच्या हातापाया पडून हा थांबा सुरू करून घेतला. तेव्हापासून सासूबाई रोज दुपारी ओसरी झाडून, केस विंचरून पर्यटकांच्या नावानं खडे फोडायला तयार बसत. बसला उशीर झाला तर आणखीच चिडत.

आज मात्र सुनेचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. समुद्रापलीकडच्या शहरातून, कंपनीच्या मुख्य कचेरीतून बोलावणं आलं होतं. नव्या गाईडना शिकवायचं काम. तिला ते अगदी मनापासून हवं होतं. पण तिच्या जागी येणार तो शहरातला गाईड. त्याला बोली येणार नाही, तेव्हा चौथा थांबा बंद, असं साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं. बरं, सासूबाईंना सोबत न्यावं, तर त्या बेट सोडतील तर शपथ. डोळ्याच्या ऑपरेशनला शहरात नेलं होतं, तर तिसऱ्या दिवशी पट्टीसकट बोटीत जाऊन बसल्या. हो की नाही, ते आज पाचपर्यंत कळवायचं होतं. सुनेनं ‘नाही’ ठरवलं होतं आणि घरात चकार शब्द काढला नव्हता.

“तुम्ही इतकं छान बोलता,” टक्कल पडलेले एक निवृत्त मास्तर म्हणाले, “या एवढ्याशा बेटावर कशाला राहिलात हो?”

एरवी ती हा प्रश्न हसण्यावारी न्यायची. आज जमलं नाही.

“बोलावलंय मला शहरात,” ती त्यांच्याच भाषेत म्हणाली. “पण या आजी म्हणजे माझ्या सासूबाई. मी गेले की ही बस इथे थांबायची नाही. मग दिवसभर ह्यांनी बोलायचं कुणाशी? म्हणून आज पाचच्या आत नाही म्हणून कळवतेय. ह्यांना यातलं काही माहीत नाही आणि मी कळू देणारही नाही.”

बोलता बोलता तिला रडू आलं. मास्तर ओशाळले. उगाच विचारलं असं त्यांना झालं.

सासूबाईंनी दोर बाजूला ठेवला. गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, घसा खाकरला.

“मंडळी, जरा इकडे लक्ष द्या,” त्या पर्यटकांच्या भाषेत म्हणाल्या. “हे घर नव्वद वर्षांचं. छप्पर माडाच्या झावळ्यांचं, सगळं दोरानं बांधलेलं. वर बघा, एक खिळा सापडायचा नाही. सापडलाच तर मला द्या, मला कॅलेंडर लावायचंय.”

पर्यटक हसले. विनोद सुनेचा होता. हशा ओसरेपर्यंत थांबायची जागाही सुनेचीच होती. सून बघतच राहिली. सहा वर्षं रोज तीच वीस मिनिटं, दगडालासुद्धा पाठ झाली असती.

“आई, अहो, तुम्हाला हे कधीपासून येतं?”

“तू बोलत होतीस, मी ऐकत होते. मला काय दुसरं काम होतं?” सासूबाई आता बोलीत म्हणाल्या. “तुझ्या साहेबाला सांग, बस पाठव, गाईड मुका असला तरी चालेल. आणि तू हो म्हणून कळव. पाच वाजायच्या आत कळव, बावळट!”

सुनेनं तिथेच त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला सुरुवात केली. सासूबाईंनी तिला थोपटलं, थोडं रडू दिलं. मग तिच्या खांद्यावरून पर्यटकांकडे बघत त्यांच्या भाषेत म्हणाल्या, “ही माझी सून. आता मोठ्या कामावर चाललीय. पुढच्या खेपेला आलात की इथलं सगळं मीच सांगेन. हिच्यापेक्षा जरा खरं सांगेन.”